एकुलती एक सूप

दोन्ही व्याह्यांची पहिली भेट फोनच्या पडद्यावर झाली आणि 'नो' या एका अक्षरावर आपटली. पोलंडमध्ये समोरचा काही सांगत असला की ऐकणारा मधूनमधून 'नो, नो' करतो. त्याचा अर्थ 'हं, बरोबर, बोला पुढे' एवढाच. इंग्लंडातल्या लीड्सचे अपटनसाहेब पडद्यावरून म्हणत होते, तुमची किंगा आमच्या घरात येणार याचा आम्हाला फार आनंद आहे, तुम्हालाही असेलच. आणि रादोमचे बोगुमिल गावेंदासाहेब, चेहऱ्यावर जमेल तितका जिव्हाळा आणून, प्रत्येक वाक्याला 'नो, नो, नो' म्हणत होते. पाचव्या 'नो'नंतर अपटनसाहेबांचा चेहरा उतरला आणि त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

गावेंदासाहेबांनी भूमापन कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे काढले होते. त्यांच्या नकाशात रेघ कधी चुकली नव्हती. दोन शेजाऱ्यांच्या कुंपणातला अकरा सेंटिमीटरचा घोळ त्यांनी एकदा असा सोडवला की ते दोघे पुन्हा एकमेकांशी बोलू लागले, आणि गावेंदासाहेबांशी बोलायचे थांबले. अशा माणसाला एका अक्षराने तोंडघशी पाडावं हे त्यांना फार लागलं. त्यात किंगाने फोनवर दुसरी बातमी दिली. पोलंडमध्ये लग्नात बापाने दारात पाव आणि मीठ धरून उभं राहायचं आणि मग गप्प बसायचं. तिकडे मात्र मुलीचा बाप जेवणाआधी उभा राहून भाषण करतो, आणि अपटनांकडची माणसं त्याचीच वाट बघत असणार.

"मी लिहून देते, बाबा. तू नुसतं वाच," किंगा म्हणाली.

"मुलगी माझी, शब्द तुझे, हे कसलं भाषण?"

जावई डंकनने फोनमधल्या भाषांतराची सोय सुचवून पाहिली. पण त्याच फोनने गावेंदासाहेबांना एकदा पोझनानला म्हणून निघालेलं असताना एका कोंबड्यांच्या फार्मात नेऊन सोडलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. खरं म्हणजे त्यांना लांबलचक काही बोलायचंच नव्हतं. किंगा एकुलती एक, परक्या देशात, परक्या भाषेच्या घरात चाललेली. तिथे तिला काही दुखलं-खुपलं तर त्या माणसांना सांगणारं आपल्याकडचं कोण? तेव्हा चारच वाक्यं, पण स्वतःच्या तोंडाने, त्यांच्या भाषेत आणि सगळ्यांसमोर म्हणायची होती. लग्नाला चार महिने होते. गावेंदासाहेबांनी रोजच्या पाच शब्दांचा हिशेब मांडला आणि सहाशे शब्द पक्के केले.

दहा मजली इमारतीत एखादा माणूस इंग्रजी शिकायला लागला तर ते लपून राहत नाही. पाचव्या मजल्यावरचे तेओदोर मास्तर आपणहून सल्ला द्यायला आले. मास्तरांनी हयातभर भूगोल शिकवला होता, त्यामुळे जगातल्या सगळ्या भाषांवर आपला थोडाफार हक्क आहे असं ते धरून चालत. त्यांचा पहिला सल्ला असा की कार्डं करा, एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे आपला. दुसरा सल्ला त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिला. आपल्या शब्दासारखा दिसणारा इंग्रजी शब्द हा गोड बोलणारा भामटा समजायचा. एका इंग्रज पाहुण्याने मास्तरांच्या बायकोच्या केकला 'ऑर्डिनरी' म्हटलं होतं. पोलिशमध्ये तशाच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'असभ्य'. मास्तरांनी त्या पाहुण्याला दार दाखवलं. वर्षभराने कळलं की तो बिचारा 'साधा' म्हणत होता. "आणि केक साधाच होता," मास्तर म्हणाले, "पण तोवर वेळ गेली होती."

गावेंदासाहेबांनी हा सल्ला वहीत लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. पुढच्या अनर्थात या दोन रेघांचा वाटा मोठा आहे.

त्यांनी संगणकावर तक्ते केले. एका पानावर तीन रकाने, आठ ओळी, सगळे इंग्रजी शब्द. पुढच्या पानावर तसेच तीन रकाने, तशाच आठ ओळी, त्याच क्रमाने पोलिश अर्थ. झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, पाठपोट छापायचं ना, आणि साहेबांनी 'नो' म्हटलं, म्हणजे 'हो'. जाड पिवळ्या कागदावर पंचवीस पानं निघाली. साहेबांनी ती पोलादी पट्टी आणि कटर घेऊन कापली, आणि प्रत्येक कार्डाची कड दुसऱ्याशी अशी जुळली की लुत्सिनाबाईंनाही आपल्या नवऱ्याचं कौतुक वाटलं.

इथेच माशी शिंकली होती. कागद उलटला की पुढून डावीकडे असलेला रकाना मागून उजवीकडे जातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण चौतीस वर्षं कागदाच्या एकाच बाजूला नकाशे काढलेल्या माणसाला त्याची कधी गरज पडली नव्हती. त्यामुळे डाव्या रकान्यातल्या शब्दांना उजव्यातले अर्थ चिकटले, उजव्यांना डाव्यातले. मधला रकाना तेवढा जागच्या जागी राहिला. म्हणजे सहाशेपैकी दोनशे शब्द बरोबर आणि चारशे चुकीचे. सगळेच चुकले असते तर आठवड्याभरात उघडकीला आलं असतं. पण दर तिसरा शब्द खरा बोलणाऱ्यावर जग विश्वास ठेवतं.

एका ओळीत 'सूप', 'ब्रेड', 'डॉटर' असे शब्द होते. साहेबांच्या कार्डांप्रमाणे ब्रेड म्हणजे पावच, पण सूप म्हणजे मुलगी आणि डॉटर म्हणजे जेवायच्या आधी पितात ते. त्याखालच्या ओळीत 'हाऊस', 'टेबल', 'स्पून'. टेबल ते टेबलच, हाऊस मात्र चमचा आणि स्पून म्हणजे घर. साहेब रोज सकाळी स्वयंपाकघरात फेऱ्या मारत हे पाठ करू लागले. लुत्सिनाबाईंच्या कानावर पडून पडून त्यांनाही येऊ लागलं. पंधरा दिवसांत अशी प्रगती झाली की साहेब नाश्त्याला बसून इंग्रजीत घर मागत आणि बाई त्यांच्या हातात चमचा देत.

शंका एकट्या स्तेफानिया आजींना आली. आजी तळमजल्याच्या खिडकीत उशी ठेवून, त्यावर कोपरं टेकवून दिवसभर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याची त्यांच्याकडे नोंद असे. साहेब बाकावर कार्डं उलटत बसले होते, तेव्हा आजींनी खिडकीतून विचारलं, सूप म्हणजे काय. मुलगी, साहेबांनी सांगितलं.

"मला तर झुपासारखं वाटतं," आजी म्हणाल्या. झुपा म्हणजे पोलिश भाषेत सूप. "झुपा, सूप. ऐका की."

साहेब हसले. मास्तरांचा दुसरा सल्ला त्यांना लख्ख आठवला. हाच तो भामटा. त्यांनी आजींना समजावून सांगितलं की शब्द जितका ओळखीचा वाटेल तितका तो दगा देणार, आणि सूप हा शब्द इतका ओळखीचा वाटतो यावरूनच सिद्ध होतं की त्याचा अर्थ सूप असूच शकत नाही. आजींनी खिडकी लावून घेतली.

खरं तर इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण लग्नाला निम्मी इमारत येणार होती, आणि तिकडच्या पाहुण्यांसमोर मुक्यासारखं उभं राहायचं कुणालाच नव्हतं. साहेबांनी मोठ्या मनाने कार्डांचे आणखी संच काढून वाटले. शिवाय येता-जाता अभ्यास व्हावा म्हणून जिन्यात, दारांवर, टपालपेट्यांवर मोठ्या अक्षरांतली कार्डं चिकटवली. त्यांच्यात 'एक्झिट', 'लिफ्ट', 'गार्बेज' अशी एक ओळ होती. लिफ्टवर लिफ्टचंच कार्ड लागलं. कचऱ्याच्या खोलीवर 'एक्झिट' लागलं, आणि इमारतीच्या मुख्य दारावर, सोसायटीच्या पितळी पाटीच्या बरोबर खाली, ठळक अक्षरांत 'गार्बेज'.

सहाव्या मजल्यावर एक पोर्तुगीज इंजिनियर भाड्याने राहत होता. तो घाईत खाली आला, 'एक्झिट' वाचून आत शिरला, आणि मागे दार लागलं. त्या दाराला आतून मूठ नव्हती. तासाभराने त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगाला कोबीच्या सालींचा वास येत होता. त्याने साहेबांना गाठून इंग्रजीत बरंच काही सुनावलं. तुमच्या पाट्या चुकीच्या आहेत, उलट्या आहेत, काढून टाका. साहेब अदबीने ऐकत होते आणि दर वाक्याला 'नो, नो' म्हणत होते. त्या महिनाअखेर इंजिनियर खोली सोडून गेला. सत्य सांगू शकणारा एकमेव माणूस असा इमारतीतून गेला.

जाण्याआधी त्याने सोसायटीकडे तक्रार केली होती. ती इंग्रजीत असल्यामुळे कचेरीत कुणाला वाचता आली नाही, म्हणून तिच्यावर फार गंभीरपणे विचार झाला. साहेबांना नोटीस आली की सामाईक जागेत परभाषेतला मजकूर लावायचा तर त्यासोबत शपथबद्ध अनुवादकाचा दाखला हवा. साहेब कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंना त्यांनी विचारलं की 'लिफ्ट' या एका शब्दासाठीसुद्धा? बाई म्हणाल्या की नियमात शब्दांची संख्या दिलेली नाही. मग बाकीची कार्डं काढली तर एक ठेवता येईल का? बाईंनी नियम पुन्हा वाचला आणि दाखला आणल्यास येईल असं सांगितलं.

आता हा प्रश्न अभिमानाचा झाला होता. साहेबांनी बाकी सगळी कार्डं उतरवली आणि लिफ्टचं तेवढं कार्ड पाकिटात घालून शपथबद्ध अनुवादक बाईंकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, प्रमाणपत्र टंकलं, सही केली आणि गोल शिक्का उमटवला. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात असा तो दाखला. साहेबांनी तो चौकटीत घालून कार्डांच्या डब्यावर ठेवला. मधल्या रकान्यातल्या एका शब्दाला मिळालेल्या या शिक्क्याने उरलेल्या पाचशे नव्याण्णव शब्दांनाही पुण्य लागलं. मास्तर मुद्दाम तो शिक्का बघायला आले आणि म्हणाले, आता हे इंग्रजी सरकारमान्य आहे.

ऑगस्टात लग्न लागलं. अपटनांकडून बारा माणसं आली होती. हॉलच्या दारात साहेब आणि लुत्सिनाबाई पाव-मीठ घेऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, "ब्रेड, प्लीज." दोन्ही शब्द मधल्या रकान्यातले. विहीणबाई जून अपटन यांनी चटकन पावाचा तुकडा मोडला आणि हसल्या. साहेबांची छाती दोन बोटं वर आली.

सगळे बसले. वाढपी शेवया घातलेल्या कोंबडीच्या सुपाची मोठाली भांडी घेऊन फिरू लागले. रोसूव म्हणतात त्याला, आणि त्याच्यावाचून इकडचं लग्न पुढे सरकत नाही. ताटल्या वाफाळत असताना साहेब उठले, त्यांनी काट्याने ग्लास वाजवला, आणि हॉल शांत झाला. चार महिने घोटलेली चार वाक्यं अशी होती. ही माझी एकुलती एक मुलगी. आज ती तुमच्या घरात जाते आहे. कृपा करून तिला दुःखी होऊ देऊ नका. ती दुःखी झाली तर मला फोन करा, मी त्याच दिवशी येईन.

'सॅड' आणि 'कोल्ड' हेही एका ओळीत होते, पहिला डावीकडे आणि दुसरा उजवीकडे.

तेव्हा अपटनमंडळींना जे ऐकू आलं ते असं:

"ही माझी एकुलती एक सूप. आज ती तुमच्या चमच्यात जाते आहे. कृपा करून तिला थंड होऊ देऊ नका." इथे साहेबांचा आवाज कापला. त्यांनी पाणी प्यायलं, किंगाकडे पाहिलं, आणि शेवटचं वाक्य एकेका शब्दावर जोर देत म्हटलं. "ती थंड झाली तर मला फोन करा. मी त्याच दिवशी येईन."

डोळे पुसत साहेब खाली बसले. पोलिश बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी कार्डं पाठ केली होती त्यांना सगळं नीट समजलं होतं, आणि मास्तर तर उघड रडत होते. अपटनांच्या टेबलावर मात्र एकानेही टाळी वाजवली नाही. या माणसाने आपल्या घरातलं एकमेव सूप आपल्यापुढे ठेवलं आहे, आणि ते सांगताना त्याला हुंदका आवरत नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. अपटनसाहेबांनी आपल्या माणसांवर नजर फिरवली, चमचा उचलला, आणि बाराही जण मान खाली घालून, एक शेवई न सांडता, गरम असतानाच ते सूप संपवू लागले. जूनबाईंनी मात्र निम्म्यावर चमचा ठेवला. त्या आपली ताटली घेऊन हॉल ओलांडून आल्या, ती साहेबांपुढे ठेवली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानंतर डुकराचे कटलेट आले, बदक आलं, कोबीचे दोन प्रकार आले, केक आले. प्रत्येक ताटाबरोबर अपटनमंडळी जास्तच अवघडून बसली. शेजाऱ्यांनी घरून करून आणलं असावं अशी त्यांची समजूत झाली, आणि ते भेटेल त्या पोलिश माणसाचे हात हातात घेऊन आभार मानू लागले.

किंगा भाषणाच्या शेवटच्या वाक्याला टेबलाखाली गेली होती. लोकांना वाटलं पोरीला रडू फुटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तिने मग बापाला कोटांच्या खोलीत नेलं आणि कार्डं मागितली. साहेबांनी कोटाच्या खिशातून गठ्ठा काढून दिला. तिने वरचं कार्ड पाहिलं, उलटलं, मग दुसरं, मग तिसरं.

"बाबा, पाठपोट छापलंस?"

साहेबांनी तिच्या हातातलं कार्ड उजेडात धरलं. नकाशे काढणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते टांगलेल्या कोटांखालच्या स्टुलावर बसले. चौतीस वर्षं रेघ चुकली नाही, आणि चुकली ती आज, मुलीच्या लग्नात, दीडशे माणसांपुढे. आपण नक्की काय म्हणालो ते त्यांनी विचारलं. किंगाने चारही वाक्यं सांगितली. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि ते वाईट वाटणं भाषणाच्या फजितीपेक्षा मोठं होतं. सांगायचं होतं ते सांगायचं राहूनच गेलं होतं. किंगा उद्या जाणार, आणि त्या बारा माणसांतल्या एकालाही ते कळलेलं नाही.

"कळलं," किंगा म्हणाली. "डंकनला कळलं. मी सांगितलं त्याला."

यावर साहेबांचा विश्वास बसला नाही. तळमजल्याच्या स्तेफानिया आजींना कुणीतरी ही हकिकत हॉलमध्येच सांगितली. त्या फक्त म्हणाल्या, "झुपा. मी खिडकीतून सांगितलं होतं." अशा रीतीने त्या लग्नाचं सूप वाजलं.

त्यानंतर साहेबांनी इंग्रजीचं नाव काढलं नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी कार्डं नव्याने छापली. या वेळी एकाच बाजूला छापून पाठीला पाठ लावून चिकटवली, आणि एकेक कार्ड किंगाने फोनवरून तपासलं. आता त्यांना डॉटर म्हणजे मुलगी, हाऊस म्हणजे घर, सगळं बरोबर येत होतं. फक्त ते कुणाशी बोलत नसत. सोसायटीच्या लिफ्टवरचं कार्ड दाखल्याच्या जोरावर तसंच होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी फोन वाजला. पलीकडे डंकन होता, एरवी तो कधी एकटा फोन करत नसे. तो इंग्रजीत, सावकाश, चारच शब्द बोलला.

"बाबा, सूप थंड झालंय."

साहेबांनी काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. एवढं विचारायला लागणारे शब्द त्यांच्याकडे होते, पण ते विचारत बसायची ही वेळ नव्हती. ते म्हणाले, "नो." आणि मग घाईने, "येस. येस." लुत्सिनाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यांना जाता येत नव्हतं. साहेबांनी कपाटावरची बॅग काढेपर्यंत त्यांनी बसल्या जागेवरून आदल्या दिवशीचं रोसूव बरणीत भरलं. विमानतळावर तपासणीवाल्याने ती बरणी बाजूला काढली. एवढा पातळ पदार्थ आत नेता येत नाही, इथेच टाका. रोसूव टाकणं साहेबांच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं आणि रांगेतून बाजूला उभं राहून, थंडगार, तळाच्या शेवयांसकट ते संपवलं.

दिवेलागणीच्या सुमारास ते लीड्सला उतरले. पासपोर्ट तपासणाऱ्या यंत्राला त्यांचा चेहरा पटला नाही, म्हणून त्यांना खिडकीपाशी पाठवण्यात आलं. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, येण्याचं कारण?

प्रश्न समजला. उत्तरही येत होतं. नव्या कार्डांतलं ते पहिलंच कार्ड, आणि साहेबांनी विमानात दोन तास तोच 'डॉटर' शब्द तोंडात घोळवला होता. पण ज्या शब्दावर त्यांना बोलावणं आलं होतं तो दुसरा होता.

"सूप," गावेंदासाहेब म्हणाले.

अधिकाऱ्याने मान वर केली. "सूप?"

"माझी एकुलती एक. थंड आहे."

अधिकाऱ्याने समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. कोटाच्या कॉलरला एक शेवई चिकटली होती. मग त्याने पासपोर्ट मिटला, परत दिला, आणि म्हणाला, "मग लवकर जा."

'लवकर' हा शब्द मधल्या रकान्यातला होता. तो साहेबांना पहिल्यापासूनच बरोबर येत होता.